पिवळीची नोंद

९ ऑक्टोबर

ज्याच्याकडून साप घेतले त्या हैदराबादच्या भाईने फोनवर तीनदा बजावलं, हर साप की एक कॉपी रखो. तारीख, वजन, काय खाल्लं, कात कधी टाकली. बाकी काही लिहायचं नाही. म्हणून ही वही आणली. पहिल्या पानावर लाल पेनानं ‘प्रसेनजित देवमन इंगोले, बॉल पायथन’ असं लिहिलं. पण वहीच्या दुकानासमोर एक कबुतरवाला बसला होता. त्याच्याशी बोलता बोलता दीड तास गेला, म्हणून वजन आज झालं नाही.

११ ऑक्टोबर

वजन केलं. मोठी मादी १४१० ग्रॅम, धाकटी मादी ८६०, नर ६९०.

हे अजगर आपल्या रानातले नाहीत. आफ्रिकेतले आहेत, दोन-अडीच हाताचे, भ्याले की डोकं पोटात घालून चेंडूसारखे होतात. आपल्या रानातला पाळला तर जेल, हे परदेशी मात्र वनखात्याकडे नोंद करून पाळता येतात. नोंद माझ्या बहिणीने, पल्लवीताईने भरून दिली, कारण मी फॉर्म अर्ध्यावर सोडतो. आईने गावी केनवडला सांगून टाकलं, घरात साप राहीन नाही तर मी. म्हणून मंगरूळपीरला गोजरामावशीच्या अंगणातली मागची खोली भाड्यानं घेतली.

बेत असा आहे. आधी चांगली जनावरं जमवायची. मोठी मादी दीड किलोवर गेली की हिवाळ्यात नरासोबत सोडायची आणि उन्हाळ्यात अंडी. भाई म्हणतो पहिली दोन वर्षं फक्त पाळ. दोन वर्षं! मी आयुष्यात कुठलीच गोष्ट दोन वर्षं केलेली नाही. आयटीआय अकरा महिने, पुण्याची कंपनी चार, सुरत दोन. साप टिकले तर मीही कुठंतरी टिकलो असं होईल.

नावं मावशीने ठेवली. पिवळी, सावळी, आणि नर बुवा. पहिल्या दिवशी ती दारातूनच हात जोडून गेली होती. आता पाण्याची वाटी बदलते.

"याले दूध नाई देत?"

"नाई मावशी, साप दूध पेत नाई."

"मंग आमी इतके वर्स काय केलं रे?"

"सापाले तरास देला."

"तू लय शायना. पोटात अन्न नाई अन् गोष्टी सांगते. हात धू, भाकर झाली."

१८ ऑक्टोबर

मानोऱ्याच्या बाजूला एका तांड्यावर कार्यक्रम आहे, बँजोवाल्यांची गाडी जाते म्हणे. दोन दिवसांत येतो. मावशीला सांगितलं, पाणी बदला आणि चटईचं बटण बंद करू नका. (डब्याखाली एक विजेची चटई असते, तिच्यानं सापाला ऊब मिळते.) ती म्हणाली, "जाय बाप्पा. पण दोन म्हणजे दोनच."

२७ ऑक्टोबर

नऊ दिवस झाले. कसे ते लिहीत बसत नाही. लोणार, मग एका ट्रकवाल्यासोबत शेगाव, मग एकाचा डीजे बिघडलेला.

साप ठणठणीत. मावशीने रोज पाणी बदललं, वहीत दर दिवशी बोटानं कुंकू लावून ठेवलं, कारण तिला लिहिता येत नाही. नऊ ठिपके.

पण खाटेखाली पांढऱ्या उंदरांचा डबा होता, सापांच्या खाण्याचा. त्याचं मी सांगितलंच नव्हतं. बाटलीतलं पाणी संपलं. अकराच्या अकरा मेले. मावशी म्हणाली, "वास आला तवा मले समजलं." मी म्हणालो, ठीक आहे, चुकून होतं. तिनं चूक केली असल्यासारखं बोललो, आणि तिनं ऐकून घेतलं.

१२ नोव्हेंबर

पिवळीने दोन महिन्यांनंतर भूक दाखवली. संध्याकाळी डोकं बाहेर काढून बसते, वाट पाहते. वजन १३८०. घटलं. आत्ता खाल्लं नाही तर यंदाचा हिवाळा गेला.

उंदीर आणायला अकोल्याला निघालो होतो. गाडी महानला थांबली आणि धरणाचं पाणी पाहायला उतरलो. तिथं एक जण जाळं विणत होता, ते शिकलो थोडं. परत आलो तेव्हा लक्षात आलं की उंदीर राहिले.

पण नशीब जोरावर. आपला हरीओम सोयाबीनच्या गोडाऊनवर राखणीला असतो. तो घरी गेलेला होता, गेट उघडंच. भिंतीशी भरदुपारी एक उंदीर बसलेला, मस्त जाड. पळालाही नाही. मी हातानं उचलून पिशवीत टाकला. भाई म्हणतो बाहेरचा उंदीर कधीच द्यायचा नाही, पण एकानं काय होतं? पिवळीने एका झडपेत घेतला. वहीत लिहितो: उंदीर एक. लय दिवसांनी बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

वाशिमला जातो, मोठा डबा आणायचा. जोडी लावायची तर जागा पाहिजे. संध्याकाळपर्यंत परत.

१६ नोव्हेंबर

काल नाही, आज दुपारी आलो. वाशिमला आयटीआयचा एक दोस्त भेटला, तेच.

अंगणात मावशी बसलेली. मला पाहून उठली नाही.

"प्रसेन, ते गेली रे."

परवा संध्याकाळी पिवळीने उंदीर ओकला. मग लाईट गेली, ती काल सकाळपर्यंत आलीच नाही. थंडी चांगली पडली आहे. मावशीने हात लावून पाहिलं तर पिवळी थंड, दोरीसारखी लोंबती, तोंड उघडं. मला फोन केले. माझा फोन बंद होता. तिनं चुलीवर पाणी तापवलं, बाटल्यांत भरलं, आणि होणाऱ्या नातवंडासाठी शिवलेली नवी गोधडी होती तिच्यात बाटल्या आणि पिवळी गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. पाणी निवलं की पुन्हा तापवायचं. पहाटे पिवळी हलायची थांबली.

हे सगळं तिनं मला सांगितलं आणि मी काय म्हणालो? ते लिहितो. मी म्हणालो, "सापाले असं शेकत असते का कोनी? शिजवली तुमी तिले."

मोठ्यानं म्हणालो. तिचा मुलगा विनोद दारात होता, सून वैजयंतीवहिनी आत, पोटुशी, नववा महिना भरत आलेला. पलीकडची मोतीबाई कुंपणाशी उभी. सगळ्यांनी ऐकलं.

मावशीने कागदाची पुडी पुढं केली. "ओकलेला उंदीर ठेवला बाप्पा. तू इचारशीन म्हणून."

१७ नोव्हेंबर

साप मेल्याचीही नोंद लागते, म्हणून पिवळीला आणि त्या पुडीला घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, साप मी पहिल्यांदाच उघडतो आहे. पिवळीच्या आत सगळीकडे रक्त होतं. मग त्यांनी तो उंदीर उघडला. त्याच्या पोटात निळे दाणे.

"गोडाऊनचा?"

मी पुडीचा कागद दुमडत बसलो.

"उंदराच्या औषधाचे आहेत. असा उंदीर पळत नाही, बसून राहतो. तुम्हाला शंका आली नाही?"

मी विचारलं, गरम बाटल्यांनी असं होईल का? ते म्हणाले, "भाजल्याची खूण कुठं नाही. उलट ती एक रात्र जगली ती त्यानंच असेल." कागदावर लिहून दिलं. कागद या वहीत आहे.

येताना ठरवलं होतं, अंगणात शिरलो की आधी हेच सांगायचं. पण शिरलो तर मावशीने तुळशीपाशी सगळं मांडून ठेवलेलं. पांढरं कापड, नारळ, तूप, गोवऱ्या. साप मेला तर माणसासारखा अग्नी द्यायचा, अशी इथली रीत. विनोद माझ्याकडे बघत नव्हता. मला लाज वाटली, सगळे उभे असताना कसं सांगू? नंतर एकटी असताना सांगू. अग्नी दिला. मावशी पायात चप्पल न घालता उभी होती.

डॉक्टरनं काय म्हटलं, असं वैजयंतीवहिनीनं विचारलं. मी म्हणालो, "पोटातलं काहीतरी."

त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. पोट दुखत असेल त्यांचं.

१९ नोव्हेंबर

अजून सांगितलं नाही.

पल्लवीताईचा फोन. ती रिसोडकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. तिला सगळं सांगितलं, म्हणजे अर्धं. मावशीला वाटतं सापाचा जीव घेतला तर होणाऱ्या लेकराला भोवतं. मी म्हणालो, "ताई, आपल्या घरात हे कोनी मानत नाई. हे खुळ हाय."

"आपन नाई मानत. ते मानते ना?"

"मंग मी काय करू? समजावू का तिले की दोष-बिष काही नसते?"

"ते मोठं काम हाय, तुह्यानं नाई होनार. तू फक्त खरं काय झालं ते सांग. काय झालं व्हतं रे खरं?"

मी म्हणालो रेंज जाते आहे.

२३ नोव्हेंबर

मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात, दोघी बऱ्या. पहिलं लेकरू माहेरी करतात, पण वहिनींची आई नाही, म्हणून इकडेच. विनोदने सगळ्यांना पेढे दिले. मलाही दिला, पण हातात नाही, डबा पुढे धरून.

२७ नोव्हेंबर

मावशी पोरीला हात लावत नाही.

मला वाटलं थकली असेल. आज सकाळी पाहिलं. मोतीबाई बाळ-बाळंतिणीला शेकायला आणि अंघोळ घालायला येते. मावशी अंगणात चूल पेटवते, पाणी तापवते, बादली उंबऱ्याशी नेऊन ठेवते आणि मागे सरते. आतून पोरगी कळवळून रडत होती. मोतीबाईचा हात जड आहे.

विनोद म्हणाला, "माय, तू घाल ना पानी. तुह्या हातानं मी मोठा झालो."

"नाई रे. या हातानं जीव गेला. पुढच्या पंचमीले वारुळाले जाऊन येतो, मंग घेतो."

"पंचमी? श्रावनात? पोरगी चालाले लागन तवापर्यंत."

मोतीबाई आतून म्हणाली, "बरोबर करून राह्यली ते. बाळंतिणीच्या खोलीत तो हात नोको."

मी खोलीत सावळीचं वजन करत होतो. ८९०. मग दार लावून घेतलं. दार लावलं तरी ऐकू येतं. पत्र्याचं आहे.

दुपारी मावशीने ताट आणलं. वांग्याची भाजी, भाकर. मी जेवलो. हे मुद्दाम लिहितो, की मी जेवलो.

४ डिसेंबर

आज बारसं. नाव अन्वी ठेवलं. बायका पाळण्याभोवती, गाणी. आजीने पाळण्यात घालायचं, पण घातलं मोतीबाईने. मावशी बाहेर गल्लीत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना घुगऱ्या वाटत होती. हसत होती. कुणी विचारलं की म्हणायची, "आतमंदी लय गरदी हाय, मले नाई जमत."

माझ्या ओंजळीत घुगऱ्या टाकताना हळूच म्हणाली, "प्रसेन, पोरीचं नाक कोनासारखं हाय रे? तू पाह्यलं असशीन. मले तेथून नाई दिसत."

मी म्हणालो, तुमच्यासारखं. मी पाहिलंच नव्हतं. एवढीशी गोष्ट विचारली तीसुद्धा खोटी सांगितली.

त्यानंतर सांगणार होतो. खरंच. पण मंडपवाल्याचा माईक खरखर करत होता, तो दुरुस्त करायला बसलो तर तासभर गेला. सगळे म्हणाले पोरगा हुशार आहे.

१३ डिसेंबर

भाईचा फोन. एक मादी आहे म्हणे, सोळाशे ग्रॅम, लगेच जोडी लावण्यासारखी. "पहली वाली का क्या हुआ?" विचारलं. मी म्हणालो, लाईट गेली होती. घरवाल्यांनी गरम पाण्यानं शेकलं.

फोन ठेवल्यावर बसून राहिलो. इथं खोटं बोलायची काही गरजच नव्हती. हैदराबादचा माणूस, मावशीला ओळखत नाही, मला काय करणार होता? तरी तोंडातून तेच निघालं. आता ते मला पाठ झालं आहे.

१४ डिसेंबर

पिशवी भरली होती. साप कुणाला तरी देऊन सुरतला जायचं. स्टँडवर दोन तास बसलो. परत आलो. एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडून जायला मला आजवर कधी दोन तास लागले नव्हते.

वैजयंतीवहिनी अंगणात दुपटी वाळत घालत होत्या. पिशवी पाहून म्हणाल्या, "चालले का भाऊ?"

"नाई, असंच."

"जाचं असन तं सांगून जा. काय सांगाचं असन ते."

दुपटी झटकत राहिल्या. मला वाटतं भाड्याचं म्हणत असतील. पण भाडं तर दिलं आहे.

२८ डिसेंबर

आज बाजाराचा दिवस होता. सगळं जसं झालं तसं लिहितो, मध्ये दुसरं काही नाही.

सकाळी विनोदने शेळीला दोरी बांधली. या शेळीचं दूध मावशी रोज सुनेला देते. मी विचारलं, चरायला का? त्यानं गाठ आवळली. मावशी घरातून आली, डोक्यावर पदर घेतला.

"बाजारात नेतो तिले. येतील तेवढे येतील. तू तो हैदराबादवाला सांगत व्हता ना, मोठी मादी हाय म्हणून? फोनवर बोलत व्हता, आयकू आलं मले. घेऊन ये. तुह्या जोडीचं मोडलं माह्या हातानं. तुह्यं काम सुरू झालं की माह्या जीवाले बरं वाटन."

"मावशी, शेळी नका इकू."

"दूध भेटते बाहेर. तू नोको इचार करू."

विनोद दोरी धरून गेटपर्यंत गेला. शेळी अडून बसली, त्यानं ओढली. मी वहीतून कागद काढून आणला. तो मावशीपुढं धरला, मग आठवलं तिला वाचता येत नाही. माझ्यानं तेही धड झालं नाही. तोंडानं सांगावं लागलं.

"तुमच्यानं नाई मेली ते. मी गोडाऊनमधला उंदीर घातला व्हता. त्याच्या पोटात औषध व्हतं. डॉक्टरनं लिहून देलं. तुमी शेकलं म्हणून ते एक रात जगली."

विनोद गेटात थांबला. वहिनी पोरीला घेऊन दारात आल्या होत्या. त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

मावशी म्हणाली, "कवा समजलं तुले?"

"अग्नी देला त्या दिशी."

"म्हणजे पोरगी व्हयाच्या आंधी."

"हो."

"अन् तू जेवत व्हता."

विनोद दोरी सोडून माझ्याकडे आला. त्यानं माझी कॉलर धरली, मला वाटलं मारेल, मारावं असंही वाटलं. मावशी म्हणाली, "सोड त्याले, इन्या. त्याले मारून महिना वापस येते का?"

त्यानं सोडलं. मी म्हणालो, मावशी, माफ करा. ती म्हणाली, "हे मोतीबाईले सांग. कुंपनाजवळ जाऊन सांग. तुह्या तोंडानं सांगतलं व्हतं तवा सगळ्याईनं आयकलं, आता बी आयकू दे."

मी कुंपणाशी गेलो. मोतीबाई तांदूळ निवडत होती. सांगितलं, सगळं. हळू सांगत होतो, ती म्हणाली, "मोठ्यानं बोल." मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या दोघी-तिघी बाहेर आल्या, त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. मोतीबाई सूप खाली ठेवून म्हणाली, "अन् मी बाई तिले उंबऱ्याच्या आत येऊ नाई देलं."

मागे वळलो तर मावशी मोरीपाशी हात धूत होती. साबणानं, कोपरापर्यंत. मग पोरीसाठी तापवलेल्या पाण्यात बोट घालून पाहिलं, थोडं थंड पाणी मिसळलं, पाय पसरून पाटावर बसली. वहिनींनी पोरीला तिच्या पायांवर ठेवलं. पस्तीस दिवसांची पोर. तिनं अंगठ्यानं नाकाच्या शेंड्याला तेल लावलं आणि तिथंच थांबून नाक नीट पाहिलं.

अन्वीने डोळे उघडले, तो चेहरा पाहिला, आणि अशी रडायला लागली की थांबेचना. मोतीबाईच्या हातात रडते त्याहून जास्त. वहिनी घ्यायला वाकल्या.

"राहू दे, वैजू," मावशी म्हणाली. "नवी हाव मी तिले."